बाबांच्या घरावरून पाऊण तासात

सौ. ताईस,

धाकट्या भावाचा, म्हणजे भिंगरीचा, दोन्ही हात जोडून नमस्कार. तू, भावोजी आणि दोन्ही पोरं मजेत असाल असं धरून चालतो. भावोजींची कंबर कशी आहे? मोठीच्या दातांची तार निघाली का? (दातांचं आज मला राहून राहून सुचतंय, त्याचं कारण पुढे येईल.) मी ठीक आहे. बाबाही ठीक असावेत.

पत्राला उशीर झाला हे आधीच कबूल करून टाकतो. बाबांचं घर आणि मी राहतो ते शहर यांत अंतर किती, विमानाने किती वेळ लागतो, रस्त्याने किती, हे सगळं नीट लिहून कळव असं तू सांगितलंस त्याला बरेच दिवस झाले. मी रोज लिहायला बसत होतो. एकदा तर ‘सौ. ताईस’ इथपर्यंत येऊन पोचलो होतो, पण तेवढ्यात खाली दुकानात एक बाई आली. तिची किल्ली कुलपात मोडली होती, कुलूप तिच्या माळ्यावरच्या खोलीचं होतं, आणि आत तिचा नवरा होता. मी म्हटलं चला, उघडून देतो. तर बाई म्हणाली उघडू नका, नुसतं उघडता येईल का एवढंच सांगा. आता असं कोणी बोलल्यावर माणूस पत्र लिहीत बसेल का, तूच सांग. (नवरा संध्याकाळी खिडकीतून उतरला आणि स्वतःच दुकानात येऊन नवी किल्ली करून घेऊन गेला. दोघंही नंतर मला भेटले, वेगवेगळे, आणि दोघांनी एकमेकांची चौकशी केली.)

तू म्हणशील, मग फोनवरच सगळं का नाही सांगितलंस. पण फोनवर मी फार फाटे फोडतो, लिहायला बसवलं की मुद्द्यावर राहीन, हे तुझंच म्हणणं. म्हणून लिहितोय. मुद्द्यावर आलोच.

मुद्दा असा की बाबा न्हाणीघरात घसरून पडले त्या दिवसापासून तुझा जीव थाऱ्यावर नाही. तू तुझ्याकडची मागची खोली रिकामी केलीस, तिला पडदेसुद्धा लावलेस. (फोटो पाहिला. रंग छान आहे. पण पडदे ओढले की बाबांना झोप येत नाही, हे तू विसरलीस.) बाबांना तिथे कायमचं न्यायचं आणि इथलं घर बंद करायचं, असं तुझ्या मनात. बाबांच्या मनात काय आहे ते बाबा सांगत नाहीत, ते ‘बघू’ म्हणतात. आणि बाबांचं बघू म्हणजे काय हे तुला-मला लहानपणापासून पाठ आहे. सायकलीचं बघू होतं. कुत्र्याचंही बघू होतं. ना सायकल आली ना कुत्रा. शेवटी तू अट घातलीस की शेजारून फोन आल्यापासून अर्ध्या दिवसात मी बाबांच्या दारात उभा राहू शकत असेन, तर बाबा राहतील त्यांच्या घरात. नाहीतर महिनाअखेर तू येऊन त्यांना घेऊन जाशील. अट रास्त आहे. तू समुद्रापलीकडे, आई वरून बघतेय, तेव्हा धावून जायला उरलो मी एकटा. मी ‘हो’ म्हणालो. (मी कशालाही पटकन हो म्हणतो असं तू त्यावर म्हणालीस, आणि मी त्यालाही हो म्हणालो.)

पण अर्धा दिवस म्हणजे किती, इथपासूनच माझं डोकं गरगरायला लागलं. माझ्या समजुतीने दिवस चोवीस तासांचा, तेव्हा अर्धा म्हणजे बारा. भावोजी म्हणाले, त्यांच्या ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा चार तासांची असते. तू म्हणालीस, दिवस म्हणजे उजेड, आणि उजेडाचा अर्धा म्हणजे सहा. एकाच घरात अर्ध्याचे तीन भाव निघाले. तुझा आवाज सगळ्यांत मोठा असल्यामुळे सहा ठरले.

मग मी फोनवर शोधलं. दोन गावांची नावं टाकली की त्यांतलं अंतर सांगणाऱ्या जागा हल्ली बऱ्याच आहेत. रस्त्याने सात तास, असं आलं. सात म्हणजे नापास, तोही एका तासाने. पण त्याच्याच खाली लिहिलं होतं: विमानाने पाऊण तास. ताई, मी दोन्ही आकडे परत परत वाचले. गंमत म्हणजे नुसता वेळच नाही, अंतरसुद्धा विमानाने कमी होतं! आता गावं तीच दोन, जागची हलत नाहीत, मग त्यांच्यातलं अंतर दोन प्रकारचं कसं असेल? मी मालकांना विचारलं. (मालक म्हणजे ज्यांच्या कुलूपकिल्लीच्या दुकानात मी सध्या आहे ते. दुकानाच्या वरच्या खोलीत मी राहतो, मागच्या वेगळ्या दाराच्या खोलीत ते. माणूस चांगला, फक्त कोणी कारण नसताना बोललं की कानस फेकून मारतात.) त्यांनी एक किल्ली उचलली आणि म्हणाले, ही बघ, हिची पाठ सरळ आहे आणि पुढचे दाते वरखाली, विमान पाठीवरून जातं, गाडी दात्यांवरून जाते, म्हणून गाडीला जास्त चालावं लागतं. मला पटलं. पण मग वाटलं, किल्लीची लांबी तर शेवटी एकच ना? तसं मी म्हटलं. कानस दारावर लागली.

तर मी तुला ‘पाऊण तास’ असं फोनवर ठणकावून सांगितलं ते या आधारावर. मला वाटलं जिंकलो. पण तू म्हणजे तूच. दुसऱ्या दिवशी कळवलंस की चाचणी घ्यायची. कुठल्याही दिवशी तुझा फोन येईल, तो आला की असेन तिथून निघायचं, बाबांना एका अक्षराने कळवायचं नाही, आणि त्यांच्या दारात पोचल्यावर तुला फोन करायचा. शाळेत असताना तू माझे पाढे असेच अचानक, मी जेवत असताना घ्यायचीस.

काल सकाळी तुझा फोन आला तेव्हा मी नुकतं दुकान उघडत होतो. म्हणजे वरचं कुलूप काढलं होतं आणि खालचं राहिलं होतं. तुझं ‘निघ’ ऐकलं आणि माझं काय झालं कोण जाणे, मी वरचं कुलूप परत लावलं, किल्ल्यांचा जुडगा खिशात टाकला आणि रिक्षा पकडली. अर्धा रस्ता गेल्यावर लक्षात आलं की दुकानाच्या किल्ल्यांची ही एकच जोडी. तू विचारशील, कुलूपकिल्लीवाल्याने स्वतःच्या दुकानाची दुसरी किल्ली करून ठेवू नये? मीही विचारलं होतं. त्यावर त्यांचं म्हणणं असं की हे कुलूप त्यांच्या हातचं आहे, त्याची दुसरी किल्ली होत नाही आणि ते किल्लीशिवाय कोणाच्याच्याने उघडत नाही. दुकानावर तशी मोठी पाटीच आहे: ‘आमचं कुलूप आम्हालाही उघडत नाही.’ तेव्हा काल मालक दिवसभर त्या पाटीखाली उभे असणार. फोडायचं म्हटलं तर धंद्याची अब्रू जाते. त्यांचे फोन येत होते, तुझेही येत होते, म्हणून मी फोन बंद करून टाकला. (हे चुकलं. पण ज्या क्रमाने चुका झाल्या त्या क्रमानेच सांगतोय, त्यामुळे ही लवकर आली.)

विमानतळावर पोचलो. खिडकीतल्या मुलीला बाबांच्या गावाचं नाव सांगितलं आणि म्हटलं, पहिलं जे विमान असेल त्यात बसवा, घाई आहे. तिने यंत्रात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा यंत्रात पाहिलं.

‘तिथे विमानतळ नाही,’ ती म्हणाली.

‘असं कसं? पाऊण तास लागतो,’ मी म्हटलं, आणि तिला फोनवरचं दाखवण्यासाठी फोन काढला. तो बंद होता.

‘लागेल ना. पण तिथे विमानतळ नाही.’

‘मग विमान पाऊण तासात तिथे जाऊन करतं काय?’

ती मुलगी सुस्वभावी होती. मागे रांग वाढत होती तरी तिने समजावून सांगितलं की ते खरं विमान नाही, हिशेबातलं आहे. म्हणजे दोन गावांच्या मधे सरळ रेघ मारायची, आणि असं विमान असतं, आणि तिथे उतरायला जागा असती, तर किती वेळ लागला असता, तेवढं ते सांगतात. असतं तर! ताई, ‘असतं तर’ हे शब्द कुठेतरी बारीक अक्षरात लिहायला काय जातं यांचं? त्या हिशेबाने मीही काहीही होऊ शकतो. मी शिकलो असतो तर दोन वर्षांत वकील झालो असतो. (हे बाबांनी कितीदा म्हटलंय. आता कळलं, तेही हिशेबातलंच विमान होतं.)

मागे फिरून रस्ता धरावा, असा विचार मनात आला, नाही असं नाही. पण रस्त्याचे सात तास म्हणजे आधीच नापास, शिवाय यायला लागलेला वेळ वेगळा. मुलगी म्हणाली, बाबांच्या गावाच्या पलीकडे एक मोठं शहर आहे, तिथलं विमान थोड्याच वेळात निघतंय. भिंतीवर नकाशा होता. मी बोटं लावून पाहिली, तर पलीकडच्या शहरापासून बाबांचं गाव फक्त दोन बोटं मागे! माझी बोटं काही जाड नाहीत. घेतलं तिकीट.

तपासणीच्या दारातून गेलो तर ते ओरडलं. खिशातून दुकानाचा जुडगा निघाला, मग दुसऱ्या खिशातून कोऱ्या किल्ल्यांची पुरचुंडी, दोन छोट्या कानशी आणि वाकवलेली एक तार. तपासणीच्या साहेबांनी विचारलं, या किल्ल्या कुठल्या दारांच्या? मी खरं ते सांगितलं की अजून कुठल्याच नाहीत. ते त्यांना आवडलं नाही. मला बाजूला बसवलं, आणखी दोघांना बोलावलं. मी धंदा सांगितला तर एक जण म्हणाला, असं? मग साहेबांचा खण उघडून दाखव, केव्हापासून अडकलाय. उघडला. आत साहेबांचा चष्मा होता आणि एक वाळलेलं संत्रं. सगळे खूश झाले, चहा पाजला, आणि मग नियमाप्रमाणे ती तार आणि कानशी काढून घेतल्या. ज्या तारेने त्यांचा खण उघडला तीच तार! विमान सुटायला आलं होतं.

आता ऐक. हे पुढचं मी तुला शपथेवर सांगतो. मला खिडकी मिळाली होती. विमान उडालं, ढग आले, गेले, शेजारचे गृहस्थ घोरायला लागले, आणि मी सहज खाली पाहतो तर नदी. गळासारखं वळण घेतलेली. त्या वळणात पाण्याची उंच टाकी, तिच्याशेजारी आपल्या शाळेचं लाल छप्पर, आणि तिथून तिसरी गल्ली. ताई, आपली गल्ली! मी घड्याळ पाहिलं. विमान सुटल्यापासून बरोबर पाऊण तास झाला होता. म्हणजे ते लोक खोटं बोलत नव्हते! पाऊण तासात मी बाबांच्या घरी होतो. फक्त वर होतो. एवढंच काय ते उरलं होतं, वरून खाली. मी ताडकन उठलो आणि विमानातल्या बाईंना म्हटलं, मला इथे उतरायचंय. त्यांनी फार शांतपणे मला खांद्याला धरून बसवलं आणि पट्टा लावला, आणि पुढे प्रवासभर दर थोड्या वेळाने येऊन पट्टा बघून जात होत्या. गच्चीवर एक ठिपका दिसत होता. मी हात हलवला. (ती टाकीही असू शकेल.)

तर तुझ्या अटीत ‘दारात’ असा शब्द आहे हे मला मान्य आहे. पण दाराच्या वर किती उंचीपर्यंत दारात धरायचं, हे आपण ठरवलं नव्हतं, एवढंच नोंदवून ठेवतो.

पलीकडच्या शहरात उतरलो आणि मागे यायला बस धरली. ती दोन बोटं, ताई, त्या दोन बोटांच्या मधे डोंगर आहे. नकाशावर तो तपकिरी रंगाचा होता, मला वाटलं डाग असेल. बस घाटात शिरली तर दरड कोसळलेली. बस वळली, निघालो तिथेच परत आली, आणि चालकाने हात झटकले. मग डोंगराला वळसा घालून जाणारा एक टेम्पो मिळाला. त्यात कपड्यांच्या दुकानांत लागणारे पुतळे भरले होते, मुंडकी वेगळी आणि धडं वेगळी. टेम्पोवाला अबोल माणूस. बसायला जागा दिली पण एक बाईचं मुंडकं माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, हिला सांभाळ, हिचं नाक मागच्या खेपेला गेलं. वाटेतल्या प्रत्येक गावात थांबून तो एकेक पुतळा उतरवत होता. त्याच्याबरोबर बसलोय तर नुसतं बघत कसं राहायचं, म्हणून मीही उतरून हात लावत होतो. एका दुकानात तर मालकिणीने पुतळा काचेत उभा करायला सांगितलं. जरा डावीकडे, जरा मान वर, नाही, आता ती रुसल्यासारखी दिसते, पुन्हा उजवीकडे. बाहेर माणसं थांबून बघायला लागली. मला ते काम इतकं आवडलं की तिथे एखादी जागा आहे का, हे मी विचारून घेतलं. (आहे. पण ते नंतर बोलू. मालकांना कळवू नकोस.)

अशा रीतीने बाबांच्या दारात पोचलो तेव्हा दिवे लागले होते. किती तास झाले ते विचारू नकोस. तुझ्या बोटांवर मोजून बघ, नंतर भावोजींची बोटं घे. सहा तर कधीच उलटून गेले होते. घराखालच्या दातांच्या डॉक्टरीणबाई दवाखाना बंद करत होत्या. त्यांनी मला ओळखलं, दाढी वाढलीय म्हणाल्या, आणि दाढेची चौकशी केली. आता सकाळ झालीय आणि मी त्यांच्याच दवाखान्यात, बाहेरच्या बाकावर बसून लिहितोय. माझ्या एका बाजूला गाल सुजलेले एक आजोबा आहेत आणि दुसऱ्या बाजूला दात किडलेली एक शाळकरी मुलगी, ती माझं पत्र वाचतेय. कागद बाईंनी दिले. त्यामुळे तुला मागच्या बाजूला ‘दात कसे घासावेत’ याची चित्रं दिसतील. क्रमांक दोनच्या चित्रातला माणूस हुबेहूब भावोजींसारखा आहे. समोर काचेतून रस्ता दोन्ही बाजूंना दिसतो. पलीकडे बसचा थांबा आहे, आत्ताच तिथून एक बस गेली, पाटीवर चक्क माझ्या शहराचं नाव होतं. आपल्या गावाचं नाव दुसरीकडे दिसलं की बरं वाटतं.

तर तू विचारलेली माहिती एकत्र देतो. विमानाने पाऊण तास, यात उतरणं धरलेलं नाही. रस्त्याने सात तास, हे मी स्वतः करून पाहिलेलं नाही. विमानाने जाऊन रस्त्याने परत येणं, अख्खा दिवस. आता पाऊण तास आणि अख्खा दिवस यांची सरासरी काढली, तर ती जवळपास अर्ध्या दिवसाचीच येते. भावोजींकडून तपासून घे, ते आकड्यांतले आहेत. मला वाटतं, यावरून चाचणी पास धरायला हरकत नसावी.

सगळ्यांना माझा नमस्कार सांग, पोरांचे गालगुच्चे घे, आणि रागावायचं असेल तर थोडं थोडं रागाव, एकदम नको.

तुझा,
भिंगरी

ता. क. दारात पोचल्यावर फोन करायचा होता तो केला नाही, त्याचं कारण वर लिहायचं राहिलं. बाबा घरी नाहीत.

घाबरू नकोस. म्हणजे मी घाबरलो होतो, पण आपण दोघांनी घाबरून काय होणार. काल वर गेलो तर दाराला कुलूप. कडी वाजवली, हाका मारल्या. मग माझा फोन चालू करून त्यांना लावला, तर आत घंटी वाजायला लागली. वाजतेय, वाजतेय, आणि कोणी उचलत नाही. ताई, त्या क्षणी मला न्हाणीघराशिवाय काही दिसेना. तार विमानतळावर राहिलेली. डॉक्टरीणबाईंनी दात तपासायचा एक आकडा दिला, त्याने कुलूप उघडलं. (इतकं चांगलं हत्यार आमच्या धंद्यात नाही.) आत अंथरूण घडी केलेलं, भांडी पालथी घातलेली, न्हाणीघर कोरडं. फोन तारेला लावून ठेवलेला. आणि दाराआड तू पाठवलेली काठी. काठी इथे आणि बाबा नाहीत! बिनाकाठीचे बाबा गेले कुठे? बाई म्हणाल्या, काल सकाळी त्यांना पिशवी घेऊन खाली उतरताना पाहिलं, ‘जाऊन येतो’ म्हणाले, पण त्या वेळी एकाच्या तोंडात त्यांचे दोन्ही हात होते, म्हणून कुठे ते विचारता आलं नाही. काठीचं विचारलं तर बाई हसल्या. म्हणाल्या, ती काठी ते कधीच वापरत नाहीत, फक्त तुमच्या ताईंना फोनवर चेहरा दाखवायचा असला की हातात धरतात. पाठवलीय एवढ्या प्रेमाने, तिला बरं वाटेल, असं म्हणतात. आता तूच मला त्या दिवशी म्हणाली होतीस ना, बाबांना काठीशिवाय उभंसुद्धा राहता येत नाही, मी डोळ्यांनी पाहिलंय! रात्र मी बाबांच्या खुर्चीत काढली. दुपारपर्यंत आले नाहीत तर पोलिसांत जायचं, असं बाईंनी ठरवलंय. तोवर तुला त्यांचा काही निरोप आला असेल तर लगेच कळव. फोन आता चालू ठेवलाय. तू ओरडशील तेही ऐकेन.

ता. क. २. पहिल्या पानापासून जे लिहायचं होतं ते आत्ता लिहितो, शाळकरी मुलगी आत गेलीय म्हणून. बाबांना नेऊ नकोस. मी परीक्षेत नापास झालो हे मला कळतं, सरासरीचं मी उगाच लिहिलं. पण मी आजवर इतक्या गावांत राहिलो, इतकी कामं केली, आणि कुठेही कोणी पत्ता विचारला तर मी हाच दिलाय, दातांच्या दवाखान्याच्या वर, पहिला मजला. कुठल्याही गावात गेलो की पहिल्यांदा मनात येतं, इथून घर किती लांब. ते घर बंद झालं तर मी कशापासून लांब आहे हेच मला कळणार नाही. बाबा सापडले की मी इथेच राहायला येतो, बाजूच्या गल्लीत किल्ल्यांचं दुकान टाकतो. हे मी पटकन ‘हो’ म्हणतो तसं म्हणत नाहीये. काल रात्री खुर्चीत बसून सावकाश म्हटलंय.

ता. क. ३. थांब. रस्त्यावर मालकांची गाडी येऊन उभी राहिलीय. तीच, दोन्ही बाजूंना भलीमोठी किल्ली रंगवलेली. मालक उतरले. किल्ल्या घ्यायला एवढ्या लांब आले म्हणजे माझी आता खैर नाही. मी पत्र बाकाखाली घालतोय.

परत काढलंय. ताई, गाडीचं दुसरं दार उघडलं आणि बाबा उतरले! धडधाकट, काठीशिवाय, काखोटीला माझीच चादर, मागच्या खेपेला इथे राहिलेली, धुतलेली. काल सकाळी समोरच्या थांब्यावरून थेट बस पकडून ते माझ्याकडे गेले होते. तुझ्या मोठीने त्यांना फोनवर सगळं सांगून टाकलं होतं, अट, चाचणी, पडदे, सगळं. पोरगं काही पोचत नाही हे मला ठाऊक होतं, ते म्हणाले, म्हटलं आपणच जाऊन बघावं अंतर किती आहे ते. तिथे बघतात तर खोलीला कुलूप, दुकानाला कुलूप, आणि मालक पाटीखाली. मग दोघांनी मालकांच्या खोलीत जेवण केलं, पत्ते खेळले, आणि आज पहाटे किल्ल्या आणायला म्हणून गाडीने निघाले. मालकांनी मला मारलं नाही. बाबांनी पत्त्यांत त्यांना हरवलंय, ते त्याच विचारात आहेत.

मी बाबांना विचारलं, रस्त्याने नक्की किती तास लागले, ताईला कळवायचंय. म्हणाले, खिडकीची जागा होती, मोजले नाहीत. मग म्हटलं, ताईकडे राहायला जाण्याचं काय? मला वाटलं आता ‘बघू’ येणार. तर ते सरळ ‘नाही’ म्हणाले, ताई! एवढं स्पष्ट, की गाल सुजलेल्या आजोबांनीसुद्धा वळून पाहिलं. चार दिवस येऊन जाईन म्हणाले, पोरांना भेटायला, आणि ते पडदे तेवढे मोठीच्या खोलीत लाव.

आता ते माझ्या खांद्यावरून वाचतायत. म्हणतात, एवढं पाल्हाळ कशाला, तिला एकच ओळ लिही: भिंगरी येईपर्यंत मी जाऊन आलो.